नवस बोलणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई रेगे यांनी मला मदत केली. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई त्यांची टिंगल करायला बसली आहे. टिंगल नाही. पण कुंदाताईंबद्दल खरं खरं लिहायला घेतलं की माणूस हसतोच, त्याला मी तरी काय करू? त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान अनंतराव, म्हणजे आमचे भाऊजी, यांचंही नाव घालते. ताईंनी जगात जेवढी म्हणून मदत केली, तेवढी भाऊजींच्या पायांनी केली.

माझं सांगण्यासारखं थोडंच आहे. नाव मंगल, गाव तासगावच्या बाजूला. नववीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती आणि भाकऱ्या कुणीतरी थापायलाच हव्या होत्या. मामाच्या मुलाशी, प्रकाशशी, लग्न लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं. ते शिकत गेले, मी थापत राहिले. ते इंजिनिअर होऊन पुण्याला गेले, पुण्याहून कंपनीने ॲमस्टरडॅमला धाडलं, आणि त्यांच्या मागोमाग मी शहराला लागून असलेल्या डीमन गावात, एका सात मजली इमारतीत येऊन पडले. हे दिवसभर ऑफिसात. मी दिवसभर घाबरलेली. फोन वाजला की घाबरायची, बेल वाजली की घाबरायची, आणि काहीच वाजलं नाही की बिघडलं असेल म्हणून घाबरायची.

कुंदाताई भेटल्या त्या कचऱ्यापाशी. इथे कचरा जमिनीत पुरलेल्या मोठ्या पेटीत टाकायचा असतो, आणि ती पेटी कार्ड दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही. हे मला कुठलं माहीत? मी पिशवी घेऊन पेटीभोवती प्रदक्षिणा घालत होते. मागून खणखणीत आवाज आला,

"काय गं, कचऱ्याला हवा खायला आणलंयस?"

मी दचकून मागे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गोऱ्या बाई. अंगात जाड कोट, पायात बूट, आणि कोटाखालून साडीच्या निऱ्या.

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी?"

"पिशवीवर सांगलीच्या साडीच्या दुकानाचं नाव आहे. अगं, अशा पिशवीतून कुणी कचरा टाकतं का? दे इकडे. पिशवी ठेव, कचरा टाक."

त्यांनी स्वतःचं कार्ड लावलं, माझा कचरा टाकला, पिशवी झटकून घडी करून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "जेवलीस?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले. त्या आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहत होत्या.

ताई एका कंपनीत टेस्टर होत्या. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. "अट नीट लिहिलेली नसते गं या पोरांनी," त्या सांगायच्या. "असं झालं तर तसं कर, एवढं लिहितात. पण तसं करता आलं नाही तर काय, हे कोण लिहिणार?" ऑफिसात दुसऱ्यांच्या अटींची साल काढणाऱ्या या बाई घरी मात्र देवाशी ज्या अटी बोलायच्या, त्या ऐकून देवसुद्धा डोकं खाजवत असेल.

कारण कुंदाताई नवस बोलायच्या. उठता-बसता, स्वतःसाठी कधीच नाही, कायम दुसऱ्यासाठी. आणि साधा नवस त्यांना चालायचा नाही. नारळ, पेढे, पाच सुवासिनी, हे त्यांच्या लेखी काहीच नव्हे. "नारळ म्हणजे देवाला दिलेलं चहापाणी," त्या म्हणायच्या. "आपल्याला जड जाईल असं काहीतरी द्यायला हवं." यातल्या 'आपल्याला'चा अर्थ बहुतेक वेळा भाऊजींना असा होता. नवस बोलताना जवळ जी वस्तू असेल तिच्यावर त्या हात ठेवायच्या. फ्रिज म्हणू नका, इस्त्री म्हणू नका. आणि मग डोळे मिटून, पलीकडच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात अट घालायच्या.

मी सायकल शिकत होते तेव्हाची गोष्ट. शिकत होते म्हणजे शेजारपाजारच्या कुंपणांत जाऊन पडत होते. ताईंनी धुण्याच्या मशीनवर हात ठेवला. "बाप्पा, मंगल न पडता सुपरमार्केटपर्यंत गेली आणि परत आली, तर हे दर सोमवारी मौन पाळतील."

भाऊजी खुर्चीत वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खरचटलेल्या कोपरांकडे पाहिलं, आणि निर्धास्त होऊन पुन्हा वाचायला लागले. पण उन्हाळा यायच्या आत मी खरंच जाऊन आले, मागे दुधाच्या पिशव्या बांधून. भाऊजींनी नवस फेडायला घेतला. बरेच सोमवार गेले. मग एका सोमवारी ताई मटार सोलताना एकदम थांबल्या.

"अहो, मौन सुरू केलंत का तुम्ही?"

भाऊजींनी मान हलवली. हो.

"अगंबाई! कधीपासून?"

भाऊजी काही बोलेनात. सोमवार होता ना.

दुसरा नवस त्यांच्या मुलाचा, निनादचा. निनाद आयंडहोवनला, चिपची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत देत होता. ताईंनी मायक्रोवेव्हवर हात ठेवून जाहीर केलं की याला नोकरी लागली तर हे अनवाणी गड चढतील. नोकरी लागली. आता गड आणायचा कुठून? ताईंनी दोन दिवस विचार केला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. "सात मजले आहेत. हाच गड."

"किती वेळा?" भाऊजींनी विचारलं.

"गड वाटेपर्यंत."

भाऊजी पँट दुमडून, अनवाणी, जिना चढू-उतरू लागले. पाचव्या मजल्यावर एक डच आजीबाई राहायच्या. त्यांनी दार उघडलं की समोरून भाऊजी जाताना दिसायचे, कधी वर, कधी खाली, दरवेळी जास्त लाल. आजीबाईंचा समज झाला की लिफ्ट बिघडली आहे आणि हा सज्जन गृहस्थ भिडेपोटी तक्रार करत नाही. त्यांनी स्वतः फोन केला. लिफ्टवाला मेकॅनिक आला. त्याला बिघाड सापडेना. सापडत नाही म्हणजे मोठा असणार, असं म्हणून त्याने लिफ्ट बंदच करून टाकली. पुढचे दोन दिवस सबंध इमारत, सामानसुमान, बाबागाड्या आणि आजीबाईंसकट, निनादच्या नोकरीसाठी गड चढत होती.

मग करोना आला. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या यांना गाठलं. मलाही झाला, पण माझा घशात घुटमळून गेला. यांचा मात्र छातीत उतरला. ॲम्ब्युलन्सची माणसं यांना खुर्चीत बसवून घेऊन गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही. दार लावलं आणि मी आतल्या बाजूला उभी. दवाखान्यातून फोन येणार इंग्रजीतून, नाहीतर डचमधून, आणि माझं इंग्रजी नववीत सुटलेलं.

तासाभरात गॅलरीत खडखड झाली. आमच्या इमारतीत सगळी दारं बाहेरच्या लांबलचक गॅलरीत उघडतात. ताई घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. दारापासून हातभर नाही, चांगली दीड मीटर लांब खुर्ची टाकली, कोट, टोपी, मफलर, वर गोधडी, आणि बसल्या.

"दार उघड. तू आत उंबऱ्याशी बस. फोन मध्ये पायपुसण्यावर ठेव, आवाज मोठा करून. वाजला की मी बोलते."

"ताई, बाहेर बर्फ पडतोय."

"मग? तो काय मला ओळखतो?"

त्यांचं ऑफिस तेव्हा घरूनच चालायचं. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या आमच्या दारात बसून पोरांच्या चुका काढायच्या. भाऊजी ठरल्या वेळी थर्मासमधून चहा आणून द्यायचे, एक कप त्यांना, एक उंबऱ्यावर मला. फोन वाजला की ताई खाली वाकून, पायपुसण्याशी बोलल्यासारख्या डॉक्टरांशी बोलायच्या आणि मग मला सांगायच्या. वाईट असेल तर एका वाक्यात संपवायच्या. चांगलं असेल तर कीर्तनकारासारखा विस्तार. "दोन घास भात खाल्ला" याची त्यांनी पाऊण तास कथा लावलेली मला आठवते.

एका दुपारी फोन आला तो लांबला. ताई नुसत्या 'यस, यस' म्हणत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "ऑक्सिजन वाढवलाय. उद्यापर्यंत बघतील, नाहीतर आयसीयू." एकच वाक्य. मी उंबऱ्याला धरून बसले. मला रडायलाही येईना.

ताई उठल्या. गोधडी खाली पडली. त्यांनी गॅलरीच्या गार कठड्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"बाप्पा! हा मुलगा स्वतःच्या पायांनी चालत या दारात आला, तर या माघात तुला बसवेन, आणि सरहद्दीवरच्या डोंगरातल्या तळ्यात नेऊन पोचवेन!"

भाऊजी थर्मास घेऊन मागे उभे होते.

"सरहद्दीवरच्या?"

"बोलून गेले."

"डोंगरातल्या?"

"बोलून गेले म्हटलं ना!"

"कुंदा," भाऊजी फार हळू म्हणाले, "आपण समुद्राच्या पातळीच्या खाली राहतो."

ताईंचं आजोळ गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या सरहद्दीला लागून, डोंगरात. तिथलं तळं, तिथेच गावचे गणपती पोचवायचे. भीतीने जीभ लहानपणात गेली आणि तिथलं तळं बोलून आली. पण त्या दिवसांत विमानं, चाचण्या, विलगीकरण, आणि माघ तर दाराशी. "निदान देश तरी सांगायचास," भाऊजी म्हणाले. "सांगितला नाही हेच बरं झालं," ताई म्हणाल्या. "कुठलाही चालेल."

त्या रात्रीपासून ऑक्सिजन वाढला नाही. मग कमी होऊ लागला. औषधाने म्हणा, बाप्पाने म्हणा. मी दोघांचंही नाव घेते, उगाच कुणाचा राग नको.

हे घरी आले तो दिवस. टॅक्सी खाली थांबली, दवाखान्याच्या माणसाने चाकांची खुर्ची काढली, यांना वर आणलं. लिफ्टचं दार उघडलं तर गॅलरीच्या त्या टोकाला ताई हात पसरून उभ्या.

"थांबा! चाकं चालणार नाहीत! पाय म्हटलंय मी!"

त्या माणसाला वाटलं काहीतरी नियम आहे. तो थांबला. आमचे हे उठले, भिंतीला धरून, एकेक दार मागे टाकत, मध्ये थांबून श्वास गोळा करत आले. ताई मागे मागे सरकत, विमानाला जागा दाखवतात तशा हातांनी बोलावत होत्या. "आणखी थोडं. उंबरा. उंबरा ओलांड. हां!" हे आत पडले. ताईंनी मास्कमधूनच बाप्पाचा जयजयकार केला. अट पुरी झाली होती. आता फेडायची पाळी.

यांना स्वयंपाकघरापर्यंत जायलाही दम लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, अजून सांभाळा, पुन्हा बिघडू शकतं. माझ्या मनात एकच: नवस राहिला तर आलेला माणूस परत जाईल. हे मी यांना सांगितलं तर ते हसले, आणि हसताना खोकले. माझं म्हणणं मला पटायला तेवढा खोकला पुरला.

या देशात डोंगर शोधायचा म्हणजे पिठात खडा शोधायचा. भाऊजींनी नकाशा उघडला. आधी त्यांनी एक उंच पूल सुचवला. मग समुद्राकाठची वाळूची टेकडी. ताई प्रत्येक वेळी म्हणाल्या, "देवाशी चलाखी नाही." शेवटी भाऊजींचं बोट घसरत घसरत अगदी दक्षिणेच्या टोकाला, फाल्सला थांबलं. तिथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी एका टेकडीवर भेटतात. हिला हे लोक डोंगर म्हणतात. आमच्या गावाकडे अशा चढावर म्हशी नेतात. पण डोंगर म्हणतात ना, मग झालं. आणि तिथून जरा बाजूला, जंगलात, नकाशावर एक निळा ठिपका होता. नाव नव्हतं. सरहद्दीची रेघ त्याच्या बरोबर मधून गेली होती.

"बघा," ताई भाऊजींना म्हणाल्या, "मी उगाच बोलत नाही."

मूर्ती मी केली. कुंभारकामाची माती मिळाली. पण मला सवय बेंदराची. आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल करतात, ते मी दरवर्षी करायची. हात तिकडेच वळायचे. बाप्पा बसले खरे, पण खांद्याला वशिंड आल्यासारखं झालं. हे पलंगावरून म्हणाले, "नांगराला जुंपायचेत का?" मी रडकुंडीला आले. ताईंनी मूर्ती सगळीकडून फिरवून पाहिली, अगदी ऑफिसातल्यासारखी. "सोंड आहे?" "आहे." "पोट?" "आहे." "मग पास."

दीड दिवस बाप्पा आमच्या घरी बसले. तिळाचे मोदक झाले. दुसऱ्या दिवशी निघायचं. हे घरीच राहणार होते आणि फोनवरून विसर्जन बघणार होते. त्या दिवसांत रात्री नऊनंतर बाहेर असण्याला बंदी होती, म्हणून सकाळीच निघालो. गाडीत दोन घरांची माणसं, म्हणून तिघांना मास्क आणि चारही काचा उघड्या. बाहेर कडाक्याची थंडी. मी मागे, मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, बाप्पांना ताईंची शाल. भाऊजी स्वेटरवर स्वेटर घालून स्टिअरिंगला चिकटलेले. ताई पुढून म्हणत होत्या, "हवा खेळती हवी," आणि त्यांचे दात वाजत होते.

फाल्सला गाडी लावली आणि माझ्या लक्षात आलं, बाहेर वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनीच एकत्र चालायचा नियम होता. आम्ही तिघं.

"ताई, पोलिसांनी धरलं तर?"

ताईंनी चटकन तोडगा काढला. "आम्ही दोघं पुढे. तू आणि बाप्पा मागे. दोन-दोनचे दोन गट."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे भाऊजी, हातात ताम्हन, काखेत छत्री. मग ताई, झांज वाजवत. बऱ्याच अंतराने मी आणि बाप्पा. वाटेत बर्फाचा चिखल. एक डच जोडपं धावत समोरून आलं, झांज ऐकून बाजूला झालं आणि अत्यंत आदराने "खुडे मॉरखे", म्हणजे सुप्रभात, म्हणालं. ताईंनी झांज थांबवून नमस्कार केला. चढ संपेपर्यंत आम्ही तिघंही धापा टाकत होतो. सांगायला हरकत नाही, डोंगर होता तो.

झाडं संपली आणि तळं आलं. म्हणजे यायला हवं होतं.

समोर सपाट पांढरं पटांगण होतं.

"पाणी कुठंय?" ताईंनी विचारलं.

आठवडाभर सबंध देश गोठला होता. लोक कालव्यांवर स्केटिंग करत होते, आम्ही गॅलरीतून त्यांची गंमत बघत होतो. आरतीचं तबक घेतलं होतं, कापूर घेतला होता, गुलाल घेतला होता, वाऱ्याने काडी विझेल म्हणून लायटर घेतला होता. पण गणपती घेऊन माणूस काठाशी गेला आणि पाणी टणक निघालं, असं आमच्या सात पिढ्यांत कुणाचं झालं नव्हतं. त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भाऊजींनी छत्रीने ठोकून पाहिलं. टक टक. दार वाजवल्यासारखं.

काठाशी आल्या आल्या ताईंनी यांना व्हिडिओ कॉल लावला होता. तेवढ्यात फोनमधून हे म्हणाले, "मंगल, ते पांढरं काय दिसतंय?" आणि खोकायला लागले. खोकला थांबेना. मी बाप्पांकडे बघू की फोनकडे? "ताई, बघा! बघा हे सुरू झालं!"

"प्रकाश! काय झालं रे?" ताई फोनवर ओरडल्या.

खोकत खोकत आवाज आला, "तीळ... तीळ अडकला. मोदकाचा."

"मग एकटा असताना मोदक खातोस कशाला? पाणी पी! इथे आम्हाला मिळत नाहीये, तू तरी पी!"

आरती केली. मग ताईंनी पाहणी केली. काठाशी बर्फ जाड होता, पण वरवर वितळून त्यावर पाण्याचा पातळ थर आला होता. मध्यावर जरा काळपट डाग दिसत होता. तिथे पाणी असणार. पाय ठेवायची तर कुणाची छाती नव्हती. ठरलं असं की पाटावरच बाप्पांना ठेवायचं आणि छत्रीने हळूच त्या डागापर्यंत ढकलायचं.

"हळू हं," ताई म्हणाल्या.

भाऊजी जन्मात कधी जोरात वागले नाहीत. कधी आवाज चढवला नाही, कधी दार आपटलं नाही. जोराचा त्यांना सरावच नव्हता, त्यामुळे किती म्हणजे किती, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी छत्रीचं टोक पाटाला लावलं आणि ढकललं.

बाप्पा सुटले. सरळ, न डगमगता, शाल वाऱ्यावर उडवत, काळ्या डागावरून (तो नुसता पाचोळा निघाला) पुढे, मधल्या रेघेपलीकडे, समोरच्या काठाच्या दिशेने, आणि काठापासून हातभर अंतरावर जाऊन थांबले.

फोनमधून यांचा आवाज आला, "कुठं गेले?"

"बेल्जियमला," भाऊजी म्हणाले.

बेल्जियमने त्या दिवसांत बिनकामाच्या माणसांना सरहद्द बंद केली होती. बर्फावरून जाता येईना, जंगलातून वळसा घालून जायचं तर कायदा मोडणार. आणि नवसातला देव पाटावर बसून आमच्याकडे बघतोय, कोरडा ठणठणीत.

तेवढ्यात समोरच्या झाडांतून एक कुत्रा आला. मागून गुडघ्यापर्यंत बूट घातलेले एक म्हातारे आजोबा, हातात लांब काठी. कुत्रा बाप्पांकडे धावला. ताईंनी अशी आरोळी ठोकली की कुत्रा जागच्या जागी बसला. मला वाटतं आजोबाही बसणार होते.

"मेनेर! तो आमचा देव आहे!" ताई डचमध्ये ओरडल्या.

आजोबांनी बाप्पांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलीचं डच जरा वेगळं होतं, पण ताईंना कळत होतं.

"तो इकडे का आला?"

"चुकून!"

"मी परत पाठवू?"

"नको, नको! त्याला पाण्यात जायचंय!"

आजोबांनी थोडा विचार केला. मग काठीने डावीकडे दाखवलं. त्यांच्या बाजूला एक ओढा तळ्यात उतरत होता आणि तोंडाशी बर्फ विरून पाणी मोकळं झालं होतं. आमच्या काठावरून ते ध्यानातच आलं नव्हतं. "इथे चालेल?"

ताईंनी मागे वळून मला विचारलं, "मंगल, चालेल का?" देवाशी स्वतः बोलणाऱ्या बाई, पण हे त्यांनी मला विचारलं. माणूस माझा होता.

"दुसऱ्याच्या हातून नवस फिटतो का, ताई?"

"अगं, आजवर मी बोललेला कुठला नवस माझ्या हातून फिटलाय?" त्या म्हणाल्या, आणि भाऊजींनी पहिल्यांदाच, जोरात, मान हलवली.

मी हो म्हटलं.

मग ताईंनी तळ्याच्या या काठावरून विसर्जन चालवलं. आजोबांनी काठीने पाट ओढून घेतला. "टोपी काढा!" आजोबांनी टोपी काढली. "दोन्ही हातांनी! तोंड आमच्याकडे!" आजोबा ओढ्याकाठी गुडघ्यावर बसले, बाप्पांना लहान पोरासारखं दोन्ही हातांत घेतलं. "तीनदा बुडवायचं! दोनदा वर काढायचं, तिसऱ्यांदा सोडायचं!" एकदा बुडवलं. दुसऱ्यांदा बुडवलं. तिसऱ्यांदा आजोबा थांबले आणि आमच्याकडे बघून विचारलं, "नक्की सोडू?"

आम्ही तिघं आणि फोनमधले हे, चौघांनी एकदम "गणपती बाप्पा मोरया!" केलं. आजोबांना उत्तर समजलं. त्यांनी हात मोकळे केले. कच्ची माती ती, बघता बघता पाणी गढूळ झालं.

विसर्जन झालं की रिकामा पाट घरी आणत नाहीत, त्यावर पाण्याकाठची माती नाहीतर वाळू आणतात. ताईंनी तेही ओरडून सांगितलं. आजोबांनी ओल्या मातीची एक मूठ पाटावर ठेवली, शाल घडी करून शेजारी ठेवली, आणि पाट आमच्याकडे सोडला. अगदी नेमका, भाऊजींच्या बुटांपाशी येऊन थांबला. भाऊजी त्याच्याकडे फार वेळ आदराने बघत होते. मग आम्ही प्रसादाला आणलेला मोदकांचा डबा पलीकडे सोडला. आजोबांनी एक खाल्ला, एक कुत्र्याला दिला, डबा काखोटीला मारला, टोपी घातली आणि हात हलवून झाडांत गेले.

नऊच्या आत घरी पोचलो. यांनी दार उघडलं. स्वतः उठून.

ताई आणि भाऊजी पुढच्या वर्षी मुलुंडला परत गेले. भाऊजी निवृत्त झाले, आणि ताई म्हणाल्या की आता इथल्या जिन्यांचा कंटाळा आला. विमानतळाच्या गाडीवर त्यांना सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. फलाट वर होता, लिफ्टपुढे रांग होती. ताईंची सगळ्यात मोठी बॅग यांनी उचलली आणि झपाझप जिने चढून गेले. मागून ताई "अरे, ठेव! अरे, भाऊजींना दे!" करत वर पोचल्या, धापा टाकत. वर आल्या आणि यांच्या छातीला कान लावून उभ्या राहिल्या. भर फलाटावर. माणसं बघायला लागली.

"ताई, गाडी आली," हे म्हणाले.

"बोलू नकोस. ऐकू दे."

गाडीची दारं उघडली, माणसं उतरली, चढली. भाऊजींनी बॅगा आत घेतल्या. ताईंनी कान काढला, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "काही नाही गं. नुसती हवा जाते-येते." मग त्या चढल्या आणि दार लागलं. काचेतून दिसत होतं, त्या भाऊजींना काहीतरी सांगत होत्या, छातीवर हात ठेवून, मोठा श्वास घेऊन दाखवत. भाऊजी मान हलवत होते. गाडी गेली.

कुंदाताई, मी आता डचच्या वर्गाला जाते. इंग्रजीही बोलते, मोडकंतोडकं का होईना. फोन वाजला की अजून घाबरते, पण उचलते. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये. पण कधी आलीच, भाऊजींसाठी किंवा तुमच्यासाठी, तर मला कळवा. मी मुलुंडला येईन, तुमच्या शेजारी बसेन आणि दवाखान्याचा प्रत्येक फोन मी घेईन. तिथे तर मराठीतच बोलतील. चांगलं असेल तर तुम्हाला पाऊण तास सांगेन.